तेजरामचं नाव

मथुरा ट्रंकेवर बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

समोर तिचा नवरा रामाजी उभा होता. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये, कोक ओव्हनमधली फर्स्ट शिफ्ट करून तो नुकताच आला होता. तोंड धुतलं होतं, पण पापण्यांच्या कडेला काळी पूड तशीच होती. दाराशी शामसुंदर देशकर उभे. ते प्लांटच्या कुठल्याशा ऑफिसात क्लार्क होते आणि संध्याकाळी कामगारवस्तीतल्या, म्हणजे कॅम्पातल्या, पोरांना फुटबॉल शिकवायचे, म्हणून सगळ्यांचे शामसर. घरातली एकुलती एक खुर्ची रामाजीनं त्यांच्यापुढे सरकवली होती, पण घरची बाई अशी ठाण मांडून बसलेली असताना आपण बसावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"अवं, कागदच तं पायजे," रामाजी म्हणाला. "पोराले थोडीच उकरून काढून राहिलो."

बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. शामसर दाराबाहेरच्या नालीकडे बघू लागले.

ट्रंकेच्या तळाशी, मथुराच्या लग्नातल्या लुगड्याखाली, तेजरामचा जन्मदाखला होता. तेजराम हा धाकटा. थोरला केवलराम, त्याच्या पाठीवर वर्षभरानं झालेला तेजराम. केवल मथुराच्या माहेरी, तुमसरजवळच्या खेड्यात, सुईणीच्या हातावर जन्मला. त्याची नोंद असलीच तर त्या सुईणीच्या डोक्यात होती, आणि सुईण कधीचीच गेली होती. तेजरामच्या वेळेपर्यंत रामाजी पर्मनंट झाला होता, त्यामुळे हा प्लांटच्या सेक्टरातल्या मोठ्या दवाखान्यात जन्मला, सहीशिक्क्यासकट. चार वर्षांचा झाला आणि त्याच खेड्यात वारला. आला तेव्हा सरकारनं लिहून घेतलं; गेला तेव्हा कुणी कुणाला सांगायला गेलं नाही. खेड्यात लहान लेकरू गेलं की लोक त्याला बोडीच्या, गावतळ्याच्या, काठी पुरतात आणि घरी येतात, कचेरीत कोण जातो? म्हणजे कागदावर तेजराम जिवंतच होता आणि यंदा चौदा वर्षांचा झाला होता.

आता घराला त्याची गरज पडली होती. कलकत्त्याचा एक क्लब गावोगावची पोरं निवडत फिरत होता. सोळाच्या आतली पोरं घ्यायची, आपल्याकडे ठेवून घ्यायची, जेवणखाण, शाळा, बूट सगळं क्लबचं, आणि पोरगा चांगला निघाला तर पुढे नोकरीही. केवल पंधरा वर्षांचा होता आणि कॅम्पच्या मैदानात डाव्या पायानं असा खेळायचा की शिफ्टवरून परतणारे लोक सायकलींवरून उतरून उभे राहायचे. अडचण एकच होती. शाळेच्या दाखल्यावर तो सतरा वर्षांचा होता.

हे रामाजीचं काम. रामाजी पुढचा विचार करणारा माणूस. पोराचं नाव शाळेत घालताना त्यानं गुरुजींना बेधडक दोन वर्षं वाढवून सांगितली होती. तेवढाच पोरगा लवकर अठराचा होईल आणि प्लांटच्या भरतीत उभा राहील, असा हिशेब. कॅम्पातल्या अर्ध्या बापांनी हेच केलं होतं, गुरुजींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे भरती आटत गेली आणि वाढवलेली दोन वर्षं तेवढी पोरांच्या अंगावर राहिली. परवा रामाजी वय कमी करून घ्यायला शाळेत गेला, तेव्हा हेडमास्तर नुसते हसले. आणि क्लबाला तर शाळेचा दाखला चालणारच नव्हता. कॅम्पाकॅम्पांतले असे सगळे बाप त्यांना ठाऊक झाले होते, म्हणून ते दवाखान्याचाच कागद मागत होते.

"वहिनी," शामसर म्हणाले, "पोरगा खरंच सोळाच्या आतला आहे. आपण कुणाला फसवत नाही. फक्त ते दाखवायला कागद नाही, आणि जो कागद आहे त्यावर..." पुढचं त्यांनी बोटांनी हवेतच पुरं केलं.

केवल मोरीत पाय धूत होता. तिथूनच तो म्हणाला, "माय, नाव बदललं तं पाय थोडीच बदलते?"

"तुह्याजवळ पाय हाये," मथुरा म्हणाली. "त्याच्याजवळ नावाबिगर काय हाये?"

तेवढ्यात शेजारच्या सिंधुताईचा चंपत दारावरून गेला. वीस-एकवीसचं पोरगं, ठेकेदाराकडे लागलेलं. नाकातोंडाला गमछा बांधलेला, आणि चाल एखाद्या म्हाताऱ्यासारखी. तोही याच मैदानात खेळायचा. मथुरा तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग उठली, ट्रंक उघडली, कागद काढला आणि नवऱ्याच्या हातात न देता खुर्चीवर ठेवला.

"दोन-तीन वर्साची तं गोस्ट हाये," रामाजी तो घाईघाईनं उचलत म्हणाला. "मंग ज्याचं नाव त्याच्यापाशी."

पुढे हा पोरगा जितकी वर्षं खेळला, पेपरात त्याचे फोटो आले, नोकरी लागली, तितकी सगळी वर्षं तो तेजरामच राहिला. रामाजीला ते तेव्हाही कळत असावं. पण बापानं असं काही बोलायचंच असतं, म्हणून तो बोलला.

त्या दिवसापासून घरात नाव अंगवळणी पाडायची प्रॅक्टिस सुरू झाली. रामाजी उठता-बसता "तेजू, पानी दे," "तेजू, सायकल आत घे," करायचा. केवल आधी लाजला, मग हसला, मग ओ देऊ लागला. सात वर्षांच्या जयाला हा खेळच वाटला. तेजराम गेल्यानंतर झालेली ती पोर, तिला हे नाव माहीत असायचं कारणच नव्हतं. मथुरा मात्र पोराला दोन्हीपैकी कुठल्याच नावानं हाक मारेना. 'अरे', 'पोट्ट्या', 'इकडे ये' एवढ्यावर ती भागवू लागली. एकदा तोंडून चुकून "केवल" निघालं, तेव्हा तो वळला नाही. ऐकलंच नसेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

क्लबाच्या निवडीची मॅच झाली ती कॅम्पच्याच मैदानात. मथुरा जायची नव्हती. ती अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मैदानावर भोंगा लावलेला, आणि त्यावरून घसा बसलेला एक माणूस हिंदीत ओरडत होता. आधी कुणाकुणाची नावं आली, ती तिनं ऐकून सोडून दिली. मग भोंगा म्हणाला, "गेंद तेजराम के पास... तेजराम आगे बढ़ते हुए... तेजराम!"

तिनं सूप खाली ठेवलं. दहा वर्षांत ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. घरात दबल्या आवाजात ते चालायचं ते वेगळं, हे मात्र अख्ख्या कॅम्पावरून चाललं होतं, पत्र्यांवरून, नालीवरून, पॉवर हाऊसच्या बाजारापर्यंत. पायात चप्पल न घालताच ती मैदानाकडे गेली.

कडेला बायांच्या घोळक्यात सिंधुताई होती. ती शेजारी राहायला आली तेजराम गेल्यानंतर. तिनं मथुराला ओढून पुढे घेतलं. "अवं, थो पाय, तुहा केवल! पन हे मेले त्याले तेजराम कावून म्हनून राहिले?"

"खेळातलं नाव हाये," मथुरा म्हणाली.

"अस्सं का, बाप्पा!" सिंधुताईला ते पटलं. पोरं काय, हल्ली कायकाय नावं घेतात.

मैदानात पोरगा चेंडू घेऊन सुटला होता. काळ्या धुळीतून दोघं जण आडवे आले, ते त्याला शिवायच्या आतच मागे राहिले. आणि लोक ओरडू लागले. "तेजू! तेजू!" तोंडात विडी धरलेले म्हातारे ओरडत होते, सायकलीवर बसलेली पोरं घंट्या वाजवत होती. त्या गलक्यात मथुराला एकाएकी वाटलं की हा तोच आहे. असाच उंच झाला असता, असेच खांदे असते, असंच लोकांनी याला डोक्यावर घेतलं असतं. क्षणभर तिचा ऊर भरून आला. दुसऱ्याच क्षणी चेंडू जाळीत गेला, पोरानं हात वर केले, तोंड तिच्याकडे वळलं, आणि ते केवलचं होतं. तिची निराशा झाली. आपल्याच पोटच्या जित्या पोराचं तोंड पाहून आपली निराशा झाली, हे जेव्हा तिच्या ध्यानात आलं, तेव्हा ती कुणाशी न बोलता घोळक्यातून बाहेर पडली. सिंधुताई मागून हाका मारत होती.

पोरगा निवडला गेला. आता फक्त कलकत्त्याचे साहेब घरी येऊन आई-बापाला भेटणार होते.

ते येण्याआधी रामाजीनं जयाला सिंधुताईकडे पाठवलं. तिच्या पोटात काही राहायचं नाही. बायकोला त्यानं नीट पढवून ठेवलं. "दाखल्यावर दुसरा नंबरचा पोरगा लिवला हाये. पयला कुठं हाये इचारलं, तं मामाच्या घरी हाये म्हनजो. शेती पायते म्हनजो. जास्त बोलजो नोको."

"मी कायले बोलू," मथुरा म्हणाली.

साहेब म्हणजे कुणी मोठा रुबाबदार माणूस असेल, असं तिला वाटलं होतं. आला तो साठीचा, बारीक अंगाचा, कॅनव्हासचे बूट घातलेला माणूस. आत येताना बूट बाहेर काढून आला, दोन्ही हातांनी नमस्कार केला, खुर्चीवर बसायचं सोडून चटईवर बसला. मथुराला तो आवडला, आणि त्यामुळे सगळंच आणखी अवघड झालं. शामसर त्याच्या बाजूला बसले. पोरगा भिंतीला टेकून उभा राहिला.

साहेबांनी चहा घेतला, दाखला डोळ्यांजवळ धरून वाचला. "सेकंड चाइल्ड. बड़ा वाला कहाँ है?"

"गाँव में है साब," रामाजी लगेच म्हणाला. "मामा के पास. खेती देखता है."

"वो भी खेलता है?"

इथे रामाजी घसरला. आपल्या पोराला खेळता येत नाही, हे त्याच्या तोंडून निघेना. "हाँ साब... मने, थोड़ा थोड़ा."

साहेब हसले. "ऐसा पैर एक भाई को मिला तो दूसरे को भी थोड़ा मिला होगा. मैं कल नागपुर जा रहा हूँ, तुमसर रास्ते में है. उतर जाऊँगा. गाँव का नाम बोलिए."

रामाजीनं शामसरांकडे पाहिलं. शामसर चष्मा पुसत होते.

"बुरा मत मानिए," साहेब म्हणाले. "पिछले साल एक लड़का भाई के नाम पर आ गया. अच्छा लड़का था. वापस भेजना पड़ा, और उस बस्ती से फिर क्लब ने किसी को नहीं लिया. तब से दोनों भाइयों को अपनी आँख से देखे बिना मैं दस्तखत नहीं करता."

आयुष्यभर पुढचा विचार केलेल्या माणसाला पुढचं वाक्य सुचेना. पोरगा भिंतीपासून सुटून सरळ उभा झाला होता आणि बापाकडे नाही, मायकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं पाणी उतरत चाललेलं तिला दिसत होतं. घमेलं, गमछा, ठेकेदार, सगळं त्याच्या डोळ्यांत येऊन उभं राहिलं होतं.

"थो नाही हाये," मथुरा म्हणाली. "वारला."

"अवं..." रामाजी पुटपुटला.

साहेबांनी कप खाली ठेवला. "इन्होंने तो कहा, गाँव में है."

"गावातच हाये," ती म्हणाली. "बोडीच्या काठी."

साहेबांनी हळूच विचारलं, "क्या नाम था?"

"केवलराम."

हे तिनं पोराकडे न बघता सांगितलं. एवढ्यावर भागलं असतं. साहेबांची मान खाली गेली होती, त्यांनी आणखी काही विचारलं नसतं. पण मथुरा थांबली नाही. दहा वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता सांगायला माणूस समोर बसला होता.

"उन्हाळा होता. माह्या भावाचं लगन होतं. दोन्ही पोट्ट्याइले घेऊन गेलती मी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याले हगवन लागली. सांजेलोक डोये खोल गेले. मंग बैलबंडी जुपली, तुमसरले दवाखान्यात नेतो म्हनलं. बंडीत त्याले वाटे, आपन गाडीत बसून घरी चाललो, भिलाईले. मले इचारे, माय, दुर्ग आलं का? मी म्हनो, येऊन राहिलं. माय, आता आलं का? मी म्हनो, आलंच. नाल्यापाशी त्याचं इचारनं बंद झालं. तेथूनच बंडी वापस फिरवली."

शामसर हिंदीत सांगू लागले, दोन शब्द बोलले आणि थांबले. साहेबांनी हात वर केला. "समझ गया."

"याचे बाबा तिसऱ्या दिवशी आले," मथुरा म्हणाली. "तार उशिरा भेटली त्याइले. आले अन् इचारलं, कुठं पुरलं. बस, तेवढंच इचारलं."

रामाजी जमिनीकडे बघत होता. बंडीतलं हे सगळं तो पहिल्यांदाच ऐकत होता. पोरगा भिंतीशी उभाच होता. तोही त्या बंडीत होता, मायच्या पलीकडच्या बाजूला झोपलेला. त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं.

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि गुडघ्यावर कागद धरून सही केली. मग उठले. जाताना पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तेजराम, अब तुम्हारी माँ के लिए तुम ही दो हो." शामसर त्यांना सोडायला गेले. जाता जाता त्यांनी मथुराकडे पाहून हात जोडले, आजवर कधी जोडले नव्हते.

सायकलींचा आवाज गल्लीच्या टोकाला गेल्यावर रामाजीनं मोठा श्वास सोडला. मग तो हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला.

"मथुरे, तुनं तं कमाल केली! माह्या तं डोक्यातच नाही आलं. आता तुमसरलेही जायची गरज नाही त्याले, अन् कोठीच नाही. जमलं! पोट्ट्याचं जमलं!" त्यानं खिसे चाचपले. "थांब, जिलेबी आनतो सुपेल्याच्या बाजारातून."

मथुरा मोरीत गेली. बादली नळाखाली लावली, भरेपर्यंत उभी राहिली, आणि नेसत्या लुगड्यानिशी खाली बसून तिनं लोटा भरून डोक्यावर ओतला. दुसरा ओतला. पाणी थंड होतं, डिसेंबरचे दिवस.

"अवं, हे काय?" रामाजी दारात आला. "या वक्ताले?"

"घरात मयत झाली," ती म्हणाली. "आंघोळ करा लागते."

रामाजी पुन्हा हसायला गेला, पण हसू तोंडापर्यंत आलं नाही. तिनं बादली परत भरली आणि त्याच्यापुढे ठेवली. मग त्यानं खिशातले जिलेबीचे पैसे कोनाड्यात ठेवले, शर्ट काढला आणि गपचूप बसला. तिनंच त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं.

जया सिंधुताईकडून उड्या मारत आली आणि दोघांना ओलं पाहून दारातच थबकली. "कोन मेलं, माय?"

मथुरानं तिला हाताला धरून आत घेतलं आणि फ्रॉकसकट तिच्यावर लोटा उपडा केला. पोर थंडीनं किंचाळली, मग मायचं तोंड पाहून रडायची थांबली.

पोरगा इतका वेळ भिंतीशीच होता. आता तो पुढे आला. त्यानं नवा शर्ट काढून दोरीवर टाकला, मोरीच्या कट्ट्यावर मायच्या शेजारी उकिडवा बसला आणि लोट्यासाठी हात पुढे केला.

मथुरानं लोटा मागे घेतला.

"तुले नाही लागत," ती म्हणाली, आणि बादलीत उरलेलं पाणी तिनं मोरीत ओतून दिलं.